चार फिके ठिपके

नाशिक,
१७ जानेवारी १९९९

ति. दाजी,
सा. न.

दसरा करून तुम्ही परत गेलात त्याला साडेतीन महिने झाले. पोचल्याचं तुमचं कार्ड आलं, अक्काने दिवाळीचा फराळ पाठवला, आणि मी एका ओळीनेही उत्तर दिलं नाही. कामाचं कारण सांगता येईल, पण ते पूर्ण खरं नाही. सांगण्यासारखं काही हातात आल्याशिवाय लिहायचं नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. ही एक तऱ्हेची घमेंडच. माफ करा.

आता हातात आलं आहे.

तुम्ही ज्याला 'पातेलं' म्हणता, त्या आमच्या स्टीलच्या डब्यातली हवा दोन वर्षं हवी तेवढी निघत नव्हती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं टर्बाईनवर काढलेला माणूस चार दिवस दसऱ्याला येतो काय, कॉलेजच्या शिपायाकडून, सावळीरामकडून, रंगाचा ब्रश आणि स्पिरिटची बाटली मागून घेतो काय, एकेक जोड ओला करत मीटरकडे बघतो काय, आणि तिसऱ्या झाकणाशी काटा उडतो, गळती सापडते! सावळीराम अजून प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट सांगतो. तुमच्या मिशाही करून दाखवतो.

त्यानंतर सगळं जमत गेलं. आत निकेलची नखाएवढी चकती आहे, ती तुम्ही पाहिलीत. तिच्यावर आम्ही इलेक्ट्रॉन सोडतो, अगदी हलक्या वेगाने, म्हणजे ते खोल न शिरता वरच्या दोन-तीन थरांवरूनच माघारी फिरतात आणि समोरच्या काचेच्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटतात. ठिपके म्हणजे अणू नव्हेत, अणूंच्या रांगांची शिस्त. मखमलाबादच्या आपल्या मळ्याजवळून बस जाते तेव्हा कोबीच्या रांगा कशा एकदम उघडतात आणि मिटतात? झाडं मोजता येत नाहीत, पण कोणत्या अंतराने लावली आहेत ते कळतं. तसंच. आता कोणी एकाआड एक कोबी काढून तिथे फ्लॉवर लावला, तर दुप्पट अंतराच्या नव्या रांगा दिसू लागतील. पडद्यावर जुन्या ठिपक्यांच्या मधोमध नवे ठिपके येतील.

मी निकेलवर कथिलाचा अगदी विरळ थर देते. कथिलाचे नवे ठिपके पुस्तकात दिल्याप्रमाणे आले. पण ११ डिसेंबरला दुपारी, खिडक्यांना काळं कापड लावून, चकती हळूहळू थंड करताना आणखी चार ठिपके दिसले. फिके, पण नक्की. तापवलं की जातात, थंड केलं की येतात. हे कोणत्याही पुस्तकात नाही. म्हणजे थंड होताना कथिलाचे अणू एका नव्या रचनेत बसतात आणि हे आजवर कोणी नोंदवलेलं नाही.

पीएच.डी.ची माझी मुदत दोनदा वाढवून झाली आहे. ३१ मे शेवटची. आजपर्यंतचं माझं काम दुसऱ्यांनी केलेलंच परत करून बघणं होतं, ते प्रबंधात एकट्याने उभं राहत नाही. हे चार ठिपके आहेत, म्हणून प्रबंध आहे. निबंध लिहून परदेशी मासिकाला पाठवलाही.

हे मी आनंद म्हणून लिहिते आहे की मिरवायला, असा प्रश्न माझ्या वहीत लिहून ठेवला आहे. उत्तर दोन्ही असावं. अक्काला नमस्कार.

तुमची,
प्रतिभा


सटाणा,
२९ जानेवारी १९९९

चि. सौ. प्रतिभा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, अक्काला एकदा वाचून दाखवलं. कोबी-फ्लॉवरचं तिला लगेच समजलं, मला वेळ लागला. ती म्हणते, "एवढी शिकली पण शेवटी मळ्यातच आली ना." शेजारच्या सुलाबाईंना सांगितलं की माझ्या मेव्हणीने अणू बघितले. त्या म्हणाल्या, "पोर हुशार शे, तिना डोळा चांगला शे. माले तर सुईबी दिसत नही."

सावळीरामला म्हणावं, मिशा करून दाखव पण काळ्या दाखव, पांढऱ्या नको.

इकडे उन्हाळ कांद्याची लागण झाली. पाणी बरं आहे. रिटायर झाल्यापासून मला कोणी 'खैरनार मिस्त्री' म्हणत नाही, 'कांदेवाले' म्हणतात. चालतं.

एक सहज विचारतो. त्या पातेल्यात आत समज काही राहून गेलं, धूळ म्हण, बोटाचा डाग म्हण, तर ते तुझ्या पडद्यावर दिसतं का? का ते एवढं बारीक असतं की काही फरक पडत नाही? आमच्याकडे कंडेन्सरमध्ये एकदा कोणाची चप्पल सापडली होती, तरी टर्बाईन फिरतच होतं. सहज विचारतो. घाई नाही.

फोन करू नको. फोन दुकानात आहे, तिथं चार माणसं कान देऊन बसलेली असतात.

तुझा,
मोतीराम दाजी


नाशिक,
७ फेब्रुवारी १९९९

ति. दाजी,
सा. न.

तुमचा प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या विभागातही कोणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता.

चपलेचं सोडा, आमच्याकडे बोटाचा एक ठसा म्हणजे डोंगर. चकतीवर अणूंचा एकच थर बसायचा असतो, आणि ठशात असे हजारो थर. डबा तापवला की आतला डाग, तो चकतीवर नसला, कुठल्याही कोपऱ्यात असला तरी, वाफ होऊन चकतीवर येऊन बसतो. आणि बसताना शहाण्यासारखा रांगेत बसू शकतो! म्हणजे चक्क नवे ठिपके देऊ शकतो. बाहेरच्या देशांत भल्या भल्या लोकांनी नवी रचना सापडली म्हणून छापलं आणि नंतर तो निघाला गंधक किंवा कोळसा. म्हणून तर मी तुम्हाला हातमोजे घालायला लावले, आणि तुम्ही "ही काय ऑपरेशन करते का" म्हणून हसलात.

आमचं पातेलं स्वच्छ आहे, काळजी नसावी. ते मी स्वतः तीनदा पुसलं होतं.

आणि ऐका. निबंध स्वीकारला! काल पत्र आलं. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि भाषणात "आपल्या विधातेबाईंनी अणूचा फोटो काढला" असं सांगितलं. मी उठून दुरुस्ती करणार होते की ठिपके म्हणजे अणू नव्हेत. उठले नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला त्या हव्या होत्या. हे वहीत लिहिलं आहे, तुम्हालाही सांगते.

आता प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणं. मे महिन्यात तुम्ही आणि अक्का नाशिकला या.

तुमची,
प्रतिभा


सटाणा,
६ मार्च १९९९

चि. सौ. प्रतिभा,
आशीर्वाद.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. आता वाचून झाल्यावर जास्त रागावशील. बसून वाच.

दसऱ्याच्या दिवशी झाकण खोलून मी तिसरा जोड परत बसवत होतो. तू घरी जेवण आणायला गेलीस. सावळीराम तोरण बांधत होता. तू सांगितलं होतंस, पूजा काय ती बाहेरून करा, आत हात नाही. आम्ही बाहेरून केली. झेंडूचा हार घातला, टेबलाला हळदकुंकू लावलं. पण माझं मन भरेना. तीस वर्षं दसऱ्याला मी टर्बाईनच्या बाहेरच्या पत्र्याला कधी कुंकू लावलं नाही. पत्रा म्हणजे यंत्र नाय. आम्ही बेअरिंगपाशी, आत, जिथं काम होतं तिथं लावायचो. मग मशीन आपलं मानतं, असं माझे उस्ताद सांगायचे.

ती चकती ज्या दांड्यावर बसते त्या दांड्याला मागच्या बाजूनं मी ओल्या हळदकुंकवाचं एक बोट लावलं. मोजा काढून. चकतीला नाही लावलं, देवाशपथ. दांड्याला. चांगल्या मनानं केलं.

तेव्हा वाटलं एवढ्याशा बोटानं काय होतंय. तुझं जानेवारीतलं पत्र आलं तेव्हा ते बोट आठवलं म्हणून तो प्रश्न विचारला. तू लिहिलंस, पातेलं स्वच्छ आहे, काळजी नसावी. ते वाचून मी मळ्यात जाऊन बसलो. लिहू का नको, लिहू का नको. निबंध पास झालाय, पेढे वाटले, आपण गप्प बसलो तर कोणाला कळणार? महिना गेला. शेवटी अक्काला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिला सांगा नाहीतर मी सांगते. तिचं नाव आहे त्याच्यावर."

माझ्यामुळं तुझं पाच वर्षांचं पाण्यात गेलं असेल तर मी काय करावं ते तूच सांग.

मोतीराम


नाशिक,
९ मार्च १९९९

ति. दाजी,

पत्र मिळालं. आज यापुढे काही लिहिलं तर ते नीट लिहिलं जाणार नाही.

प्रतिभा


नाशिक,
२४ मार्च १९९९

ति. दाजी,
सा. न.

आता लिहू शकते.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी दिवसभर तुमच्यावर रागावले होते. दुसऱ्या दिवशी डबा खोलला. दांड्याच्या मागे तांबूस-काळा डाग होता, पाच पैशांपेक्षा लहान. बोटाच्या रेषासुद्धा दिसत होत्या. डिसेंबरात मी आतला प्रत्येक कोपरा पाहिला होता असं मला वाटत होतं. दांड्याची मागची बाजू पाहिली नव्हती. आणि दसऱ्याला झाकण उघडं टाकून जेवण आणायला गेले ती मीच. तुम्ही बोट लावलं, पण दार मी उघडं ठेवलं. हे तुमचं समाधान करायला लिहीत नाही, तसं घडलं म्हणून लिहिते.

एक कबुली माझीही. ९ तारखेला तुमचं पत्र मी फाडायला घेतलं होतं. ते नसतं तर मला काही माहीत नसतं. एका कडेला बोटभर फाटलं, मग थांबले. पत्र अजून आहे, कडेला चिकटपट्टी लावून.

पुण्याला जाऊन पीएच.डी.च्या गाइडना सांगितलं. ते आधी हसले. "कुंकू? अहो विधातेबाई, कुंकवाने असे ठिपके आले असते तर आपण सगळे देवळातच प्रयोगशाळा काढल्या असत्या." मग गंभीर झाले. "हे बघा, दांड्याला होतं, चकतीला नव्हतं. दसरा कधी, डिसेंबर कधी. छापायला गेलेला निबंध आहे. तुम्ही कोणाला सांगितलंय?"

मी म्हटलं, "तुम्हाला."

"मग मी ऐकलं नाही असं समजा, नाहीतर संपादकांना थांबायला सांगा. मधला रस्ता नाही. मुदत तुमची आहे, ठरवा तुम्ही."

त्यांच्याच ऑफिसातून संपादकांना फॅक्स केला: निबंध छापू नये, नमुना दूषित असण्याची शक्यता आहे. फॅक्स मशीनमधून कागद सरकत गेला तेव्हा ओढून घ्यावासा वाटला.

तर आता निबंध नाही. अडुसष्ट दिवस आहेत. चार ठिपके कथिलाचे आहेत की तुमच्या बोटाचे, हे मला माहीत नाही. कथिलाचे असतील तर प्रबंध आहे. बोटाचे असतील तर नाही. काय तपासावं हेही अजून नीट सुचत नाही. डबा पुसून सगळं पहिल्यापासून करायचं म्हटलं, तरी ठिपके आले नाहीत तर ते कुंकू नसल्यामुळे की माझं काही चुकल्यामुळे, हे कसं कळणार?

अक्काला सांगा, ती बरोबर बोलली.

प्रतिभा


सटाणा,
२ एप्रिल १९९९

चि. सौ. प्रतिभा,
आशीर्वाद.

पत्र अक्काला वाचून दाखवलं. मग अक्का म्हणाली, "आता तोंड पाडून बसू नका. तुम्ही मिस्त्री होते ना? मग मिस्त्रीसारखा विचार करा." तर मिस्त्रीसारखं लिहितो.

टर्बाईन थरथरतंय आणि चार ठिकाणचा संशय आहे, तर नवा पोरगा काय करतो? चारही ठिकाणं एकदम दुरुस्त करतो. थरथर थांबते आणि त्याला कधीच कळत नाही की दोष कशात होता. पुढच्या वर्षी परत तेच. आमचे उस्ताद सांगायचे, ज्याच्यावर आळ आहे त्यालाच कामाला लावा. एकट्याला. बाकीचे बाजूला. मग तो थरथरवतो का बघा.

तुझ्याकडे आळ दोघांवर आहे, कथिल आणि कुंकू. तर डबा पुसू नको! आधी कथिल बाहेर काढ आणि कुंकू आत राहू दे. लागलं तर आणखी लाव. जेवढं तापवलं होतं तेवढंच तापव, जेवढं थंड केलं तेवढंच थंड कर. कुंकवाला म्हणावं, आण तुझे चार ठिपके. नंतर कुंकू काढून टाक आणि कथिलाला म्हण, आता तू आण. दोघांची साक्ष वेगवेगळी घे. मी शाळा सातवी शिकलो, चुकत असेल तर सोडून दे.

सोबत पुडीत अक्काच्या देवघरातल्या त्याच करंड्यातलं कुंकू पाठवतो. दसऱ्याला मी हेच नेलं होतं. आणि या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात बोट ओलं करून उमटवलं आहे, तेवढंच लागलं होतं, जास्त नाही. हे बघून लाव. मी येणार नाही. कांदा काढणीला आलाय हे खरं, पण तेवढंच कारण नाही. माझा हात आता त्या खोलीत नको.

मोतीराम दाजी


नाशिक,
२५ एप्रिल १९९९

ति. दाजी,
सा. न.

तुमचं पत्र मी विभागातल्या फळ्यावर टाचणीने लावलं आहे. फक्त बोटाचा कोपरा कापून घेतला, त्याचं कारण खाली येतं.

आळ असलेल्याला एकट्याला कामाला लावायचं, हे मी वर्गात वीस वर्षं शिकवत आले आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा सुचलं नाही. मला फक्त पुसायचं सुचत होतं. का, त्याचा विचार केला. मला बहुधा डाग तपासायचा नव्हता, नाहीसा व्हायला हवा होता.

तर ऐका कुंकवाची साक्ष. चकती घासून स्वच्छ केली. कथिलाची वाफ करणारी भट्टी बाहेर काढून ठेवली. दांड्यावरचा जुना डाग तसाच ठेवला, आणि शेजारी सावळीरामने तुमच्या कोपऱ्याशी ताडून पाहत दुसरं बोट लावलं. लावता लावता तो म्हणाला, "बाई, हे आपण मुद्दाम करतोय ना? मागं तुम्ही मला नुसतं शिंकलो तर बाहेर काढलं होतं."

"मुद्दाम," मी म्हटलं.

"मग दाजींना उगाच एवढं बोललात."

"मी काहीच बोलले नाही."

"तेच तर. ते जास्त लागतं माणसाला."

हे मला टोचलं. त्याने खरं सांगितलं.

डबा बंद केला, चांदीच्या कागदात गुंडाळून दोन दिवस तापवला. सावळीरामने विचारलं, भरताचं वांगं आहे का. मग काळं कापड लावलं आणि इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक सुरू केली. निकेलचे ठिपके आले, पण पुसट. मागे सगळीकडे हिरवं धुकं. डिसेंबरसारखंच तापवलं, थंड केलं. नऊ वेळा. चार ठिपके एकदाही आले नाहीत. कुंकू चकतीवर येऊन बसलं होतं हे नक्की, पण रांगेत बसलं नाही, सांडल्यासारखं बसलं.

सावळीरामने टाळी वाजवली. मी नाही वाजवली. धुक्यामुळेच ठिपके बुडाले असतील तर? कुंकवाची साक्ष अर्धीच झाली. आता कथिलाची. तिला छत्तीस दिवस आहेत.

प्रतिभा


सटाणा,
२८ एप्रिल १९९९

चि. सौ. प्रतिभा,
आशीर्वाद.

धुकं आलं हे चांगलं झालं का वाईट, ते मला कळलं नाही, पण अक्का म्हणते तुझा हात वळणाचा दिसतोय पत्रात, म्हणजे तू बरी आहेस. सावळीरामला सांग, तो फार बोलतो, पण बरोबर बोलतो.

झाकण परत लावताना बोल्ट एकाच बाजूने आवळत जाऊ नको. एक इकडचा, एक समोरचा. आणि जोडात बसते ती तांब्याची कडी जुनी वापरू नको, एकदा दबली की ती गेली. नाही बसलं तर ब्रश आणि स्पिरिट आहेच. घाबरायचं नाही. वीस आकडे मोजल्याशिवाय पुढच्या जोडावर जायचं नाही.

मोतीराम दाजी


नाशिक,
१६ मे १९९९

ति. दाजी, ति. अक्का,
सा. न.

आले! आले, आले, आले. चौघेही.

आता क्रमाने सांगते.

दांडा नवा बसवला. डबा आतून चार वेळा धुतला, या वेळी आरसा धरून मागची बाजूही पाहिली. सावळीरामने तर आत टॉर्च मारून तिथल्या तिथे हात जोडले आणि मग माझ्याकडे बघून पटकन खाली घेतले. कथिलाची भट्टी परत आत ठेवली. बोल्ट तुम्ही सांगितल्याप्रमाणे समोरासमोर आवळले, कडी नवी घातली. आणि हवा निघेना.

४ ते ८ मे, पाच दिवस काटा तिथल्या तिथे. गाइडचा फोन आला, "विधातेबाई, मुदतीचं काय?" मी म्हटलं, "वीस आकडे मोजल्याशिवाय पुढच्या जोडावर जायचं नाही." ते म्हणाले, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, सर, माझे दाजी म्हणतात."

नऊ तारखेला मी स्वतः ब्रश घेतला. आजवर ते काम मी तुमचं समजत होते. सावळीराम मीटरपाशी उभा. एकेक जोड ओला करून मी वीस आकडे मोजायची, मग पुढचा. अकरा जोड झाले. बारावा म्हणजे खाली, जमिनीवर आडवं पडून लावायचा, साडी खोचून. तिथे ब्रश टेकवला आणि वरून सावळीराम ओरडला, "उडाला! बाई, उडाला!" मी पडल्या पडल्याच हसत होते. प्राचार्य नेमके तेव्हाच दारात आले. "विधातेबाई, बरं वाटत नाही का?" "फार बरं वाटतंय, सर."

कडी बदलली, परत तापवलं, आणि तेराला दुपारी काळं कापड लावलं. निकेलचे ठिपके असे निघाले, दाजी, की मागे धुक्याचा मागमूस नाही, काळ्या पाटीवर खडूने टिंबं द्यावीत तसे. मग कथिल दिलं. पुस्तकातले ठिपके आले. मग थंड करत गेले. सावळीरामला मी मुद्दाम काही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हटलं, पडद्याकडे बघ आणि काही बदललं तर बोल. मी पाठ फिरवून फक्त तापमान वाचत होते. माझ्या डोळ्यांना ते दिसायला हवे होते, म्हणून माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता.

मी आकडे वाचत गेले. डिसेंबरात ज्या आकड्याला ते दिसले होते, तो मागे पडला. आणखी दोन अंश गेले. मला वाटलं, संपलं.

"बाई," सावळीराम म्हणाला, "मधे चार नवे आलेत. फिक्के. हे बिघडलं का?"

मी वळून पाहिलं.

मग तापवलं, गेले. थंड केलं, आले. त्या दिवशी सहा वेळा, चौदाला दहा वेळा. दर वेळी त्याच आकड्याला येतात, डिसेंबरपेक्षा दोन अंश खाली. ते दोन अंशही आता समजतात. तेव्हा कुंकवाची थोडी भेसळ होती, म्हणून ते जरा लवकर दिसत होते. म्हणजे डिसेंबरचा माझा आकडा चूक होता, आणि तो तसाच छापला गेला असता. तुमच्या पत्रामुळे चुकीचा आकडा छापायचा वाचला. ठिपके कथिलाचेच आहेत. कुंकवाला आणता आले नाहीत, कथिलाने एकट्याने आणले.

गाइड चौदाला स्वतः आले, खुर्ची ओढून तीन तास बसले आणि जाताना म्हणाले, "कुंकवाचा परिच्छेद काढू नका. तो या निबंधातला सगळ्यात मजबूत परिच्छेद आहे." संपादकांचंही फॅक्सने उत्तर आलं: नव्या मोजमापांसह निबंध लगेच पाठवा, जागा राखून ठेवतो. प्रबंध टायपिंगला गेला आहे, ३१ तारखेच्या आत विद्यापीठात पोचेल. प्राचार्यांनी पुन्हा पेढे आणले. या वेळी मी उठून सांगितलं की ठिपके म्हणजे अणू नव्हेत. कोबीच्या रांगांचं उदाहरण दिलं. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, आणि त्या मी घेतल्या.

एक गोष्ट दोन दिवस मनात घोळत होती. नव्या निबंधात तुमचे नुसते आभार मानावेत असं आधी ठरवलं होतं. मग स्वतःला विचारलं, आभार का? नात्यातले म्हणून कमी, की सातवी शिकलेले म्हणून कमी? आणि नाव घालायचं तर तेही का, अपराधाची भरपाई म्हणून? तुम्ही नऊ मार्चपासून काय काय सोसलं असेल त्याची? दोन्ही बाजूंनी तपासलं. मग एकच कसोटी ठेवली. या माणसाचा भाग काढून घेतला तर निष्कर्ष उभा राहतो का? गळती तुम्ही शोधली. दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यायची, ही प्रयोगाची मांडणी तुमची, आणि निबंध तिच्यावर उभा आहे. तुमचा भाग काढला तर माझ्या हातात फक्त डिसेंबरचा चुकीचा आकडा उरतो. तुम्ही नको म्हणाल. अक्काला विचारा, ती काय म्हणेल ते मला माहीत आहे.

कांदा निघाला की दोघंही या. दाजी, त्या खोलीत तुमचा हात मला हवा आहे.

तुमची,
प्रतिभा

ता. क. वहीत उद्याचं काम एकच लिहिलं आहे: टायपिस्टकडे जाऊन निबंधाच्या पहिल्या पानावर, माझ्या नावानंतर, लेखक म्हणून 'मोतीराम पुंजा खैरनार, सटाणा' घालून घेणे.